उतरता भाव

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावर लिलावाचा भाव वरून खाली उतरत येतो. जो आधी "माझं" म्हणेल, त्याचं. नवरा गेल्यावर मुलांच्या वाटण्यांसाठी शेत विकायला काढलं, तेव्हा अलेटाकाकू निदान झऱ्याकाठचा तुकडा राखायला उभ्या राहिल्या. तिथे नवऱ्याची कबर होती.

त्या तुकड्याचा भाव उतरत होता. शेजारी पाइप ओढत गप्प उभे होते. यांतला कोण झडप घालेल, काही कळेना. काकूंच्या हातातली टोपी पार चुरगळली.

"माझं," त्या ओरडल्या.

हातोडा पडला. भाव इतका होता की दोन्ही दुभत्या गाईही त्यांना लिलावात काढाव्या लागल्या.

"काय हो काकू, एवढी घाई?" शेजारचा खेरहार्डस हळहळत म्हणाला. "आम्ही सगळे तुमच्यासाठीच तर गप्प होतो."