पोटातले दोन कान

मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या तिमजली भिंती होत्या, तरी पहिलं गाणं कुजबुजल्यासारखं आलं आणि दहा हजार माणसं भडकली. मैदानातल्या सर्वांत नाजूक कानाला जेवढं सोसेल, त्याहून वर हे नवे स्पीकर जातच नसत.

"कुणी आणलंय रे तान्हं? काढा बाहेर!" शेवंताच्या मागे बसलेला एक पैलवान ओरडला.

"अक्कल नाही मेल्यांना," शेवंताही तणतणली. चव्वेचाळीस वर्षांची ती यंत्रमागावर राबायची. वांझोटी म्हणून गावानं वीस वर्षं तिला एकाही बारशाला बोलावलं नव्हतं.

कान मोजायचं मशीन घेऊन फिरणारी पोलीसबाई नेमकी तिच्यापाशी थांबली. "मावशी, तुमच्या खुर्चीत चार कान दाखवतंय. दोन पोटात."

"मशीन बिघडलंय तुझं."

"पाच महिन्यांचे आहेत."

शेवंतानं बोटांवर महिने मोजले. पाच महिन्यांपूर्वीच पाळी थांबली होती. वय झालं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता. शेजारी नवरा खुळ्यासारखा हसत सुटला.

"मग वहिनी, निघताय ना?" पैलवानानं विचारलं.

शेवंता ताडकन उठली. "निघू? वीस वर्षं थांबलेय मी! माझं लेकरू गाणं ऐकतंय. आता एकानं जरी तोंड उघडलं तर बघा!"

दहा हजार माणसं आधी हसली, मग चिडीचूप झाली. आणि तेच बारीक गाणं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.