आधी तुमचा कान

"काही होत नाही शेट, लोक उगाच घाबरतात. आमच्यात बाराव्या दिवशी कान टोचायची रीत आहे," असं म्हणत अभिराम कामेरकरने तान्ह्या लेकीला वसंतशेट सोनारांपुढे धरलं.

वसंतशेटांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांत त्यांनी एकही कान टोचला नव्हता. पूर्वी टोचलेलं भोक चार दिवसांत सुकायचं, कारण माणसाची कातडी स्वतःच जंतू मारायची. कातडीतलं ते जंतू मारणारं औषध अभिरामच्या कंपनीने कारखान्यात बनवलं आणि कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या खाद्यात मिसळलं. खुराड्यातले जंतू त्या औषधाला पुरून उरायला शिकले आणि माणसांत पसरले. आता साधं खरचटलेलंही चिघळत होतं. विळीवर बोट कापल्याचं निमित्त झालं आणि वसंतशेटांची बायको गेली.

"हे तुमच्याच खाद्याने झालं ना?"

"कंपनीकडे सगळ्या परवानग्या होत्या, शेट."

"बरं, रीत मोडायला नको." वसंतशेटांनी सोन्याची तार खोबरेलात बुडवली. "पण आधी तुमचा कान पुढे करा."

अभिरामचा हात आपसूक स्वतःच्या कानावर गेला.