चाकाखालचं लिंबू

“लग्नाच्या वाढदिवसाला मला साधा गजरा नाही, आणि हिला हा एवढा हार!” गाडीला घातलेल्या हाराकडे बघत कुमुदताई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

भास्कररावांची जुनी विलायती बेंटली आज अनाथाश्रमाला दान द्यायची होती. पेट्रोल परवडत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. फाटकाला घासून घासून उडालेल्या रंगाबद्दल मात्र घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

शकुनाचं लिंबू त्यांनी स्वतः वाकून ठेवलं. चाकापासून चांगलं वीतभर बाजूला. सगळ्यांनी पाहिलं. आश्रमाच्या ड्रायव्हरने गाडी काढली, तशा सूनबाईंनी टाळ्या पिटल्या. “फुटलं हो बाबा, फुटलं!”

कुमुदताईंनी लिंबू उचललं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. भास्कररावांनी ते अंगठ्याने दाबून पाहिलं. अख्खं होतं.

ते मोठ्याने हसले. लिंबासकट बायकोचा हात धरून म्हणाले, “कुमुद, मला दिसत नाही गं आता.”