काढून ठेवलेली पिन

सावळारामनं टीव्हीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. खाली, वर, खाली, वर. टकटक आवाज नीट येत होता, दिव्याचा मात्र पत्ता नाही. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता, म्हणजे लाईट काही गेली नव्हती. मग गेलं काय? भिंतीला पाठ लावून तो खाली फरशीवर बसला.

पहाटेचे साडेचार झाले होते. मागं गोठ्यात तांबडी हंबरायला लागली होती. रोज या वेळेला तो खाटेवरून उठायचा, लाल दिवा बघून सरळ चालत यायचा, दिव्यापाशी उजवीकडं वळायचा, की आलंच मागचं दार. गाईखाली बसल्यावर तर डोळ्यांची गरजच नव्हती, ते काम बोटांचं. ट्यूब लावली तर नजरेपुढं नुसतं ताक सांडल्यासारखं व्हायचं, म्हणून तो ती लावतच नसे. काचबिंदू होता. "बाबा, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा," असं डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यानं लिहून दिलेली चिठ्ठी सावळारामनं येताना ओढ्यात सोडून दिली आणि घरी सांगितलं, नजर एकदम फस्कलास.

सांगणार तरी कसं? पोरगा गोरख पारगावच्या कारखान्यावर, सूनबाई प्राची शाळेवर. गोरखनं आधीच बजावलं होतं, "तुमच्याच्यानं व्हतंय तवर गाय ठेवू. नाय तर राजुरीचं गिऱ्हाईक तयारच हाय." गाय गेली की सावळारामनं दिवसभर करायचं काय, याचं उत्तर गोरखपाशी नव्हतं आणि सावळारामपाशीही नव्हतं.

त्यात ही प्राची. बचत गटाच्या बैठकीत कुणी तरी सांगितलं, रिमोटनं बंद केलेला टीव्ही रात्रभर लाईट खातो. झालं. तेव्हापासून ती निजायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करायची, आणि ती निजली की म्हातारा उठून भिंत चाचपत टीव्हीचं तेवढं चालू करून यायचा. आठ दिवस हे युद्ध चाललं होतं, तेही हूं की चूं न करता. मामांना टीव्हीचं लई वेड, असं घरात सगळे हसायचे. सावळारामही हसायचा. टीव्हीवेडा म्हटलेलं त्याला परवडत होतं.

पण काल डोळा लागला तो थेट आत्ताच उघडला. आणि आता बटण दाबूनही दिवा दिसत नव्हता. म्हणजे उरलेली नजर रात्रीत गेली. ट्यूबचं बटण दोन हातांवर होतं. ते दाबून खात्री करून घ्यायचा धीर त्याला होईना.

टकटकीनं प्राचीला जाग आली. ती दारात येऊन उभी राहिली.

"मामा, काय शोधताय अंधारात?"

"काय नाय. तू नीज."

"टीव्ही लावताय व्हय? आज नाही लागायचा. तुम्ही बटण ऐकत नाही म्हणून मी पिनच काढून ठेवलीय."

सावळाराम म्हणाला, "पिन काढलीय?"

"हो."

"म्हंजी दिवा नाहीच?"

"पिनच नाही तर दिवा कुठला?"

"खरंच नाही? तुला बी दिसत नाय?"

एवढं बोलून तो हसायला लागला. हसता हसता त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. प्राचीनं ट्यूब लावली. म्हाताऱ्यानं मान वर केली आणि तो दाराकडं बघून म्हणाला, "लई भ्यालो गं पोरी." प्राची दारात नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताला, ट्यूबच्या बटणापाशी उभी होती.

आठ दिवस आपण रोज रात्री काय बंद करत होतो, ते तिला आता समजलं.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

आता लपवण्यात राम नव्हता. "दोन वर्षं झाली. गोरखला सांगू नको. गाय इकंल तो."

"सांगणार. पण गुरुवारी आधी नारायणगावला डोळे दाखवायचे, माझ्यासंगं. मग मीच सांगीन. आणि तुम्ही धार काढायची, वैरणपाणी मी बघीन, हेही सांगीन."

"ऐकंल का तो?"

"माझं ऐकतो. तुमचं नाही ऐकत."

तांबडी पुन्हा हंबरली. प्राचीनं टीव्हीमागं हात घालून पिन बसवली आणि ट्यूब बंद केली. लाल दिवा दिसला. सावळाराम फरशीवर हात टेकून उठला.

"थांबा जरा," प्राची म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. पाण्याच्या फिल्टरचं बटण तिनं चालू केलं, निळा दिवा लागला. मागच्या दारालगतच्या बोर्डात मोबाईलचा चार्जर नुसताच खुपसला, त्याचा हिरवा लागला. मग धुण्याच्या मशीनकडं वळली.

"अगं, मोबाईल नाय, धुणं नाय," सावळाराम म्हणाला. "उगं कशाला लाईट जाळतीस?"

"जळू द्या," प्राची म्हणाली.