छत्रीतला उजेड

"मोबाईलच्या फ्लॅशमदी आमच्या नातीचा एक डोळा बिबट्यावानी चमकतोय, भाऊ. फोटो बघून समदे हसत्यात," जानकाबाईंनी फोनवर सांगितलं होतं. "वाढदिवसाला तरी चांगला फोटो काढून द्या."

म्हणून फोटोग्राफर राजरत्न आळेफाट्याहून कॅमेऱ्याचं सामान घेऊन पिंपरी पेंढारला आला. त्याने फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, बाजूच्या स्टँडवर लावला, त्याच्यापुढे पांढरी छत्री उघडली आणि पोरीला तिच्या आईच्या, कल्याणीच्या मांडीवर बसवलं. छत्रीतून मऊ उजेड पसरला. फोटोत दोन्ही डोळे काळेभोर आले.

"बघ गं कल्याणी, मोबाईलच खराब व्हता!" जानकाबाईंनी नातीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

छत्री मिटता मिटता राजरत्नचा हात थांबला. बाजूने आलेला उजेड बुबुळातून सरळ आत जाऊन परत कॅमेऱ्याकडे येत नाही. डोळ्याच्या आत गाठ असली, तर समोरच्या फ्लॅशमध्ये ती पांढरी चमकते; अशा फोटोत मात्र ती दिसायची नाही. त्याने फ्लॅश काढून कॅमेऱ्यावरच चढवला, पोरीसमोर उकिडवा बसला आणि एक फोटो घेतला. स्क्रीनवर एक डोळा लालसर होता, दुसरा पांढरा चमकत होता.

"आता कशाला आणखी? आला की छान," कल्याणी म्हणाली.

"ताई, हिला आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय. चला, मी गाडी काढतो."

"अवो, बिबट्यावानी चमकतो म्हणून दवाखाना?" जानकाबाई हसायला लागल्या.

"बिबट्याचे दोन्ही डोळे चमकतात, आजी."