पुसण्याआधी

कल्पना करा, मुलांनो. तुमच्या ताईला नवाकोरा लॅपटॉप मिळाला, आईने त्याला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. आणि तुमच्या वाट्याला आला ताईचा जुना, रडतखडत चालणारा कॉम्प्युटर. सातवीतल्या शाल्मलीचं अगदी असंच झालं होतं.

तिच्या सरांनी पेनड्राइव्हवर लिनक्स दिलं होतं, म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चपळ चालतं. "आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघ, मग डिस्क पुसून बसव," सर म्हणाले होते. चालवून बघताना तिला जुन्या डिस्कवर ताईचा फोल्डर दिसला. सोमवारी कला महाविद्यालयाच्या मुलाखतीत दाखवायची चाळीस चित्रं त्यात होती. नव्या लॅपटॉपवर ती नव्हती. शाल्मलीने सकाळीच हेव्याने त्याचा कोपरान्कोपरा पाहिला होता.

"ताई, तुझं सगळं काढून घेतलंस ना?"

"कधीच! पूस तो डबा एकदाचा," ताई मान न वळवता म्हणाली. "तुला काय, गेमच खेळायचेत."

पडद्यावर प्रश्न आला: सगळी डिस्क पुसायची? शाल्मलीचं बोट बटणावर गेलं. ताईनेच सांगितलं होतं. तिला कुणीच बोललं नसतं.

बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिने दप्तरातला दुसरा पेनड्राइव्ह लावून चाळीसही चित्रं उतरवून घेतली आणि डिस्क पुसून लिनक्स बसवलं.

जुना कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला, तेव्हा ती हळदकुंकवाचा करंडा घेऊन ताईसमोर उभी राहिली.

"तुझी चित्रं माझ्या मुठीत आहेत. आधी माझ्या डब्याला हळदकुंकू लाव."