मापाचा माणूस

जुने प्रवासी इमारतीचं चित्र काढताना दाराशी एखादा गावकरी उभा करत, म्हणजे उंचीचा अंदाज येई. आम्ही संशोधक त्याला मापाचा माणूस म्हणतो आणि त्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

तुर्कस्तानातल्या अक्सरायजवळच्या एका हरवलेल्या, सेल्जुक सुलतानांच्या काळातल्या सराईची तीन चित्रं माझ्याकडे होती. प्रवासी तीन, आणि पहिल्या चित्रापासून तिसऱ्यापर्यंत सत्तर वर्षं गेलेली. शेताच्या बांधावर चित्रं शेजारी शेजारी धरली तेव्हा कळलं, की तिन्हींत भिंतीला डावा हात टेकून उभा असलेला माणूस एकच आहे. सत्तर वर्षांत त्याचं वय वाढलेलं नव्हतं.

समोरचा डोंगर चित्रातल्या डोंगराशी जुळत होता. सराईचे दगड मात्र लोकांनी कधीच उचलून नेले होते, आता तिथं नुसतं बिटाचं शेत होतं. माझा ड्रायव्हर वेदात दाराच्या जागी जाऊन उभाही राहिला होता.

"इथंच ना, बाई? लवकर आटपा, चहाची वेळ टळली माझी."

"तिथंच. पण परत ये आता."

"आणि उंची कोण मोजणार? उगाच उन्हात पिटाळलंत होय मला?"

"नाही मोजायची. तो हात खाली घे आणि ये."

वेदातनं डावा हात खांद्याच्या उंचीवर हवेत ठेवला होता आणि सगळा भार त्याच्यावर टाकून, पायावर पाय ठेवून तो आरामात उभा होता.

"टेकू द्या की जरा," तो म्हणाला. "एवढ्या उन्हातही दगड कसला गार आहे."